खिशातलं यंत्र, कपाटातलं यंत्र

विहिरीच्या एका नोंदीत तीनच गोष्टी असतात. कोणती विहीर, केव्हा मोजली आणि पाणी किती खोल. सगळे अंक धरले तरी ते वीसच्या आत बसतात. एवढे अंक टिपायला खिशात मावणारं, लिनक्सवर चालणारं आणि खऱ्या कळा असलेलं यंत्रच हवं, असं मी कित्येक वर्षं चारचौघांत ठासून सांगत होतो. सांगत होतो म्हणजे वाद घालत होतो. त्या वादांत ज्यांना मी गप्प बसवलं त्यांच्यातल्या दोघांची माफी समोर बसून मागून झाली आहे. उरलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी काम काय ते सांगतो. पुरंदर तालुक्यातल्या एका पाणलोटात आमचा छोटा गट बावीस विहिरींची पातळी दर महिन्याला मोजतो. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण केलेली आहे. वजन बांधलेली टेप त्या खुणेपासून आत सोडायची, वजन पाण्याला टेकल्याचा ‘डुबुक’ आवाज आला की थांबायचं, खुणेपाशी आकडा वाचायचा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. आमच्याकडे वर मुरूम, खाली काळा पाषाण. पाणी साठतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. दिवाळीत वाकून हाताने घेता येईल असं वाटणारं पाणी मेमध्ये तळाला गेलेलं असतं. ते किती वेगाने उतरतं हे कळलं, तर रब्बीत काय पेरावं आणि किती उपसावं याचा थोडाफार अंदाज बांधता येतो.

यात एक मेख आहे, वेळेची. मोटर चालू असली की पातळी खाली ओढली जाते आणि बंद केल्यावर सावकाश सावरते. शेतीची थ्री-फेज वीज एका आठवड्यात दिवसा यायची, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. म्हणून मोजायचं ते शक्यतो मोटर सुरू होण्याआधी, आणि किती वाजता मोजलं हे न चुकता लिहायचं. वेळ चुकली तर विहिरीचं पाणी खरंच उतरलं, की आपण पोचलो तेव्हा नुसती मोटर चालू होती, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. माझी फजिती याच मेखेवर टांगलेली आहे.

माझा पिंड संगणकाचा. खिशातल्या लिनक्सचं वेड लागलं ते २००२ साली, शार्पचं झॉरस एसएल-५५०० पहिल्यांदा हातात आलं तेव्हा. परदेशातून आलेल्या एका सहकाऱ्याने ते आणलं होतं. २०६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, आणि खालचा भाग सरकवला की आतून इवलासा कळफलक बाहेर. त्यात टर्मिनल उघडून मी फायलींची यादी मागवली आणि ती पडद्यावर उमटली, तेव्हा आपल्या खिशात आता खरा संगणक आला, असं मला वाटलं. तो संगणक खिशात कशासाठी हवा, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता.

मग आपल्याकडचा सिम्प्युटर आला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी साध्या माणसासाठी योजलेला, लिनक्सवर चालणारा हातातला संगणक. भारतीय भाषांतला मजकूर वाचून दाखवण्याची सोय त्यात होती. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामात तो वापरून पाहिला गेला. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने ‘अमिडा’ नावाने तो बाजारात आला. त्यातली मला सर्वांत आवडलेली कल्पना स्मार्टकार्डाची होती. गावात यंत्र एकच, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं. ज्याचं कार्ड आत, त्याची माहिती समोर. सिम्प्युटर फार चालला नाही, आणि मी पुढची दहा वर्षं हळहळत राहिलो की लोकांना त्याची किंमत कळली नाही.

२०१० साली मी बेन नॅनोनोट मागवला. किंमत ९९ डॉलर, वजन १२६ ग्रॅम, तीन इंची पडदा, पेन्सिलबॉक्सच्या झाकणासारखा उघडणारा. त्यातल्या सॉफ्टवेअरबरोबर त्याच्या सर्किटचे आराखडेही खुले होते. वायफाय नव्हतं, आणि मी ते गुण म्हणून सांगत असे. चार्जिंगला मिनी-यूएसबी. ती पिन आमच्या पाणलोटातल्या एकाही घरात नव्हती, पण तेव्हा मी पिशवीत माझी वायर घेऊन फिरायचो, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही.

पहिली दोन वर्षं विहिरी मीच मोजत होतो. शनिवार-रविवारी पहाटे पुण्याहून निघायचं, टेप एका हातात, यंत्र दुसऱ्या हातात. त्या काळात वापरलेल्या एका यंत्राची बॅटरी पूर्ण उतरली की घड्याळ शून्यावर जायचं. लिनक्सचं शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०, आणि भारतीय वेळेत ते पहाटे साडेपाचला येतं. त्यामुळे आमच्या एका विहिरीची पातळी बहात्तरच्या दुष्काळाच्याही आधी, ऐन थंडीत, भल्या पहाटे मोजल्याची नोंद झाली. मी हा किस्सा गमतीने सांगत असे. यंत्राने टाकलेली वेळ खोटीही असू शकते, हा धडा त्यात होता. पण किस्सा रंगवून सांगण्याच्या नादात माझं त्याकडे लक्षच गेलं नाही.

अखेर मनासारखं यंत्र मिळालं ते नोकियाचं एन९००. २००९ सालचं, मी घेतलं जुन्या बाजारात. फोन होता, पण आत डेबियन लिनक्सच्या वळणाची माएमो प्रणाली, साडेतीन इंची पडदा आणि बाजूला सरकणारा कळफलक. मी त्यात चाळीस ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. ती विहिरीचा क्रमांक विचारायची, पातळी विचारायची, तारीख आणि वेळ स्वतःच टाकायची आणि एक ओळ सीएसव्ही नावाच्या साध्या मजकुराच्या फायलीला जोडायची. कळांवर इंग्रजी अक्षरं असल्यामुळे मराठीत नाव टंकणं जिकिरीचं होतं, म्हणून मी विहिरींना क्रमांक दिले, एक ते बावीस. चिंचेची, देवळामागची, थोरल्या वाड्यातली अशी त्यांची पिढ्यानुपिढ्यांची नावं होती. मी त्यांच्या कठड्यांवर आकडे रंगवले आणि त्याला शिस्त म्हटलं.

२०१२ हे दुष्काळाचं वर्ष. दर महिन्याला जाणं मला जमेना आणि नेमकी तेव्हाच नोंद चुकवून चालणार नव्हती. गावातल्या बचत गटातल्या एक ताई मोजायला तयार झाल्या. त्यांना टेप कशी सोडायची हे शिकवावं लागलं नाही. वजन टेकल्याचा आवाज त्या माझ्याआधी ओळखायच्या.

यंत्र कोणतं द्यायचं यावरून गटात वाद झाला. आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीने, जी मला काका म्हणते, फोनवर एक फॉर्म बनवून आणला होता. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली सुरू केलेला ओपन डेटा किट नावाचा प्रकल्प आहे. तो मुक्त सॉफ्टवेअर आहे, अँड्रॉइडवर चालतो, रेंज नसली तरी नोंद ठेवतो आणि रेंज आली की पाठवतो. ती म्हणाली, “काका, अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. ताई उद्या फोन घेतील तेव्हा तो त्यांच्याच खिशात असेल.” मी म्हणालो, “आत कर्नल आहे म्हणून त्याला लिनक्स म्हणत नाहीत. शेल कुठाय? पॅकेजेस कुठायत? आणि काचेवर बोट घासून कुणी डेटा एंट्री करतं का?” ती गप्प बसली. मला वाटलं, पटलं. आज कळतं की वयाने मोठ्या माणसाशी वाद न घालण्याचं वळण तिला घरातून मिळालं होतं आणि मी त्याचा फायदा घेतला.

एन९०० ताईंकडे गेलं, मूळ खोक्यासकट. मी अर्धा दिवस शिकवलं. पुढची तीन वर्षं महिन्याच्या महिन्याला फाइल येत गेली, एकही ओळ न गाळता. एका बैठकीत मी या प्रयोगावर बोललोही. ‘प्रत्यक्ष विहिरीवर, त्याच क्षणी केलेली नोंद’ असे शब्द मी पडद्यावर मोठ्या टायपात लिहिले होते.

२०१५ मध्ये मोटरचा परिणाम वेगळा काढायचा म्हणून मी पहिल्यांदाच त्या फायलींतला वेळेचा रकाना नीट पाहिला. तोवर तारखेपलीकडे नजर गेली नव्हती. एका महिन्यातल्या बावीसच्या बावीस विहिरी एकाच रात्री नऊ वाजून बारा मिनिटं ते नऊ एकतीस या वेळात मोजलेल्या दिसत होत्या. सर्वांत लांबच्या दोन विहिरींमध्ये चार किलोमीटरचं अंतर आणि मध्ये एक टेकडी आहे. मी मागचा महिना उघडला. रात्री साडेनऊ ते दहा. त्यामागचा उघडला, तीच गत. तीन वर्षांत एकही नोंद दिवसाउजेडी झालेली नव्हती.

पहिला विचार मनात आला तो लाजिरवाणा आहे, पण मनोगत लिहायचं तर लपवून कसं चालेल? मला वाटलं, ताईंनी आकडे घरी बसून रचले.

दुसऱ्या दिवशी गेलो. चहा झाला. मी आडून आडून विचारू लागलो तशा त्या उठल्या, गोदरेजचं कपाट उघडलं आणि साड्यांच्या घडीमधून खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं. यंत्र अगदी मी दिलं तसंच होतं. पडद्यावरची प्लास्टिकची पातळ फिल्मसुद्धा जशीच्या तशी होती.

“सर, इतकं म्हागाचं. इहिरीत पडलं तर मी कुठनं भरून देऊ? आन् पाण्याच्या कामाला पाण्यानं बिघडणारी वस्तू न्यायची तरी कशी?”

मग त्यांनी वही काढली. शाळेची दोनशे पानी, कव्हर घातलेली. दोन दिवस सकाळी त्या चालत जाऊन विहिरी मोजत, वहीत लिहीत. दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं आटोपली की त्या वहीतून वाचत आणि त्यांचा पुतण्या यंत्रावर दाबत असे. हातात बाळगायच्या यंत्रावर, जागच्या जागी नोंद व्हावी म्हणून मी दहा वर्षं झुरलो होतो, आणि ते यंत्र तीन वर्षं महिन्यातून एकदा, वीस-तीस मिनिटं, घरातल्या दिव्याखाली चाललं. यंत्राचा काही दोष नव्हता. फाइल जशी हवी तशीच देत होतं.

वही मी घरी आणली. प्रत्येक ओळीत विहिरीचं नाव होतं, माझा क्रमांक नव्हता. क्रमांक समासात, पेन्सिलीने, पुतण्यासाठी. अकरा आणि सतरा तीनदा उलटे पडलेले सापडले. नावं असती तर चिंचेची आणि देवळामागची यांची गल्लत गावातल्या पोराकडूनही झाली नसती. पातळी फूट-इंचांत होती, कारण टेपवर ती बाजू वाचायला सोपी. मीटरमध्ये बदलण्याचं काम पुतण्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करत होता, आणि दोनदा ते करायचं विसरला होता. नऊ मीटर खोल विहिरीत पाणी साडेसव्वीस मीटरवर असल्याची नोंद माझ्या स्क्रिप्टने मुकाट्याने घेतली होती. ती अडवायला दोन ओळी पुरल्या असत्या. मी त्या लिहिल्या नाहीत, कारण टंकणारा मीच आणि मी कशाला चुकतो, अशा भ्रमात ती स्क्रिप्ट लिहिली होती.

आणि काही ओळींपुढे दोन अक्षरं होती: ‘मो. चा.’ मी फोन करून विचारलं. ताई म्हणाल्या, “मोटर चालू. तवा पाणी खाली असतं ना सर. तुमचं यंत्र त्ये इचारतच नाय, म्हणून वहीत लिहून ठेवते.”

ज्या एका गोष्टीसाठी वेळेचा एवढा अट्टहास, ती थेट विचारावी हे मला सुचलं नव्हतं. ज्या बाईने मोजलं तिला पहिल्याच महिन्यात सुचलं, आणि माझ्या यंत्रात जागा नाही म्हणून तिने ती समासात जपली.

माझं मत तिथे फिरलं. त्या रात्री वाटलं होतं की सगळाच खटाटोप वाया गेला, वही खरी आणि यंत्रं खोटी. पण तो रागाचा विचार होता. वही भिजते, हरवते, आणि बावीस विहिरींचा आलेख वहीतून आपोआप निघत नाही. नीट विचार केल्यावर कळलं ते वेगळंच. मी यंत्र निवडत होतो ते माझ्या हाताकडे पाहून. कळा माझ्या बोटांना हव्या होत्या, टर्मिनल माझ्या डोळ्यांना. नोंद करणारे हात दुसऱ्याचे आहेत, ते ओले असतात, त्यांत टेप आणि दोर असतो, आणि चुकून काही पडलं तर भरून देण्याची धास्ती असते, हे मी निवडीच्या कसोट्यांत धरलंच नव्हतं. खुलेपणाचंही तसंच. माझ्या यंत्रातलं सगळं खुलं होतं, पण ते उघडू शकणारा माणूस सगळ्या पाणलोटात मी एकटा. सिम्प्युटरबद्दलची माझी हळहळही तेव्हा निवली. एक यंत्र सगळ्या गावाचं ही कल्पना सुंदर होती, पण सगळ्या गावाचं म्हणजे ते नेमकं कुणाच्या कपाटात राहणार, याचा विचार मी कधी केला नव्हता.

पुढच्या महिन्यात मी त्या मुलीला फोन केला. तिने ‘मी म्हटलं होतं ना’ असं म्हटलं नाही. त्याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे.

तोवर ताईंकडे स्वतःचा अँड्रॉइड फोन आला होता, पाच-सहा हजारांचा, एका कोपऱ्याला तडा गेलेला. त्या तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचतात आणि पिशवीवरूनच बोट चालवतात. बिघडला तर सासवडच्या बाजारात तासाभरात दुरुस्त होतो, आणि त्याची पिन घरातल्या प्रत्येक चार्जरला बसते. नवा फॉर्म एका साध्या स्प्रेडशीटमध्ये लिहिलेला आहे. एका रकान्यात प्रश्नाचा प्रकार, दुसऱ्यात त्याचं नाव, तिसऱ्यात मराठी मजकूर. विहिरींची यादी नावांनी आणि फोटोंनी आहे. पातळी फुटांत घेतली जाते, मीटर फॉर्मच करतो. विहिरीच्या खोलीपेक्षा मोठा आकडा टाकला तर तो पुढे जाऊ देत नाही. आणि ‘मोटर चालू आहे का?’ हा प्रश्न पुतण्याने घातला. माझी स्क्रिप्ट तीन वर्षं त्याच्या हातात होती, तिला त्याने कधी हात लावला नव्हता. स्प्रेडशीट त्याने दुपारभरात आत्मसात केलं.

जुन्या मतातलं काय उरलं, तेही सांगायला हवं. जिथे लांबलचक मजकूर टंकायचा आहे, म्हणजे जुन्या पोथ्यांची सूची, वनस्पतींच्या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या किंवा एखाद्याची दीर्घ मुलाखत, तिथे मी आजही कळफलकच सुचवीन. काचेवर चार पानं टंकून पाहा म्हणजे कळेल. विहिरीला मात्र तीन-चार आकडे लागतात, आणि त्यांच्यासाठी मी अख्खा कळफलक वाहून नेत होतो. फोनबद्दलही मी निर्धास्त झालेलो नाही. फोन ताईंचा, चार्जिंग त्यांचं, डेटाही त्यांचाच. म्हणजे यंत्राचा खर्च आम्ही नकळत त्यांच्या पदरात टाकला होता. हे लक्षात आल्यापासून दर महिन्याचा रिचार्ज गट करतो. कुठल्याही फोनचे अपडेट काही वर्षांत थांबतात, ॲप नवी आवृत्ती मागतं, फोन बदलावा लागतो. लागू दे. नोंदी सीएसव्हीतच उतरतात, त्या पुढच्या कुठल्याही यंत्रावर उघडतील. वहीही चालू आहे. ताईंनी ती सोडली नाही आणि मी सोडा म्हटलं नाही.

एन९०० आता माझ्या टेबलावर असतं. कधीकधी कळा दाबून पाहतो. त्या कळांचा स्पर्श मला अजून आवडतो, हे कबूल करायला हरकत नाही.

एक काम राहिलं होतं. २०१२ ते २०१५ च्या त्या फायली आम्ही दोन-तीन ठिकाणी दिलेल्या होत्या, ‘प्रत्यक्ष विहिरीवर’ या शब्दांसकट. ताईंची वही समोर ठेवून मी त्या सगळ्या ओळी पुन्हा तपासल्या. तारखा दुरुस्त केल्या, उलटे पडलेले अकरा-सतरा सरळ केले, ‘मो. चा.’साठी नवा रकाना घातला. एन९०० ने टाकलेल्या वेळा पुसाव्यात असं वाटलं होतं, पण पुसल्या नाहीत. फक्त सोबतच्या माहितीपत्रकात त्या रकान्यापुढे एक ओळ लिहिली आणि फायली सगळ्यांना पुन्हा पाठवल्या. ओळ अशी आहे: ‘ही वेळ टंकल्याची आहे, मोजल्याची नाही. मोजल्याची वेळ यंत्राने विचारली नव्हती.’